पेन्शन पोचते, औषध पोचत नाही

ब्रिटनच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवून भिवंडीत परतलेल्या एका चाचांनी या आठवड्यात पासबुक माझ्यापुढे ठेवलं. पेन्शन नेमाने येते. पण इथे आले तेव्हा जेवढे पौंड मिळायचे, तेवढेच आजही मिळतात. एप्रिल 2025 मध्ये तिकडची सरकारी पेन्शन 4.1 टक्क्यांनी वाढली. चाचांची वाढली नाही.

त्यांच्याच पाळीतला एखादा सोबती निवृत्त होऊन स्पेनला गेला असता, तर त्याची पेन्शन दरवर्षी वाढली असती. वर ‘एस-वन’ फॉर्म तिथे नोंदवला की स्पेनच्या नागरिकाला मिळतात तेच डॉक्टर, तेच इस्पितळ, आणि खर्च ब्रिटनचा. युरोपीय संघ सोडल्यावरही ब्रिटनने नवे करार करून ही सोय टिकवली. पगारातून वर्गणी दोघांचीही कापली गेली, नियम एकच होता. चाचांना मात्र मधुमेहाच्या गोळ्यासुद्धा पदरच्या पैशाने घ्याव्या लागतात. भारत लांब आहे म्हणावं, तर फिलिपिन्स, जमैका, मॉरिशसमध्ये राहणाऱ्यांची पेन्शन वाढतेच! त्या देशांशी तसा करार आहे, आपल्याशी नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2010 मध्ये ब्रिटिश सरकारच्याच बाजूने कौल दिला, त्यामुळे उरली ती वाटाघाट.

जुलै 2025 मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. थोड्या काळासाठी तिकडे पाठवलेल्या कर्मचाऱ्यांची दुहेरी वर्गणी वाचेल असंही ठरलं. कंपन्यांची सोय झाली. म्हाताऱ्यांच्या पेन्शनवाढीचं कलम कुठे आहे?

म्हातारपणी उपचारांचा हक्क आपल्या देशात तरी कुठे पोचतो? आपल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) किमान पाच वर्षं विम्याखाली काम करून निवृत्त झालेल्याला वर्षाला 120 रुपयांत नवरा-बायकोचे उपचार मिळतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर हा हक्क कमावण्याची संधीच बहुतेकांना मिळत नाही. एकाच शेडचे कागदावर चार कारखाने होतात, प्रत्येकात दहाच्या आत माणसं, म्हणून विम्यात नोंद नाही. उत्तर प्रदेशात किंवा तेलंगणात परतणारा थकलेला कारागीर खोकला घेऊन जातो, विम्याचं कार्ड नाही.

लंडनशी पुढची बोलणी होतील तेव्हा दिल्लीने पेन्शनवाढ आणि उपचार दोन्ही मागावेत. आणि विम्याच्या निरीक्षकांनी त्या शेडमध्ये रात्रपाळीला जाऊन माणसं मोजावीत.