जुने ते सोने. पण खर्च कोणाच्या खात्यावर?



आगरदांड्याला भंगारवाल्याचा टेम्पो आला की पूर्वी घराघरांतून पत्रे, बाटल्या, रद्दी आणि फुटक्या बादल्या बाहेर येत. आता त्यांच्या जोडीला बंद पडलेले मोबाईल, चार्जर, रिमोट आणि सेट टॉप बॉक्स येतात. होडीवरचा खाऱ्या हवेने गंजलेला जीपीएसही त्याच टेम्पोत चढतो. हे सगळे किलोवर जाते. आणि त्याच वेळी आपली मुले मोबाईलवर व्हिडीओ पाहतात. हिरव्या पट्टीवर ॲसिड ओतले, धूर निघाला आणि शेवटी बशीत सोन्याची गोळी चमकली! मग मुले विचारतात, "काका, हा धंदा काय वाईट आहे?"

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कामधंदा नसलेला तरुण व्यवसायाचा विचार करतो ही चांगलीच गोष्ट आहे. पण धंदा म्हटला की जमा आणि खर्च या दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. व्हिडीओवाले फक्त जमेची बाजू दाखवतात. आपण दोन्ही पाहू.

पहिली गोष्ट, सोने खरेच असते. ते गंजत नाही आणि वीज चांगली वाहून नेते. म्हणून सिमकार्डाच्या पट्टीवर, जोडणीच्या टोकांवर आणि चिपच्या आतील केसासारख्या तारांत ते वापरले जाते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००६ साली हिशेब दिला होता. एका मोबाईलमध्ये सरासरी ०.०३४ ग्रॅम सोने, ०.३५ ग्रॅम चांदी, ०.०१५ ग्रॅम पॅलेडियम आणि १६ ग्रॅम तांबे असते. म्हणजे बाजारातला दहा ग्रॅमचा तोळा जमवायला सुमारे ३०० मोबाईल लागतात. त्यानंतर कंपन्या सोन्याचा थर आणखी पातळच करत आल्या आहेत.

टाकाऊतून सोने काढणे आपल्याकडे नवे नाही. सोनाराच्या दुकानातली राख आणि दुकानापुढची माती धुऊन त्यातले कण वेचणाऱ्यांना आपल्या भाषेत झारेकरी म्हणतात. फरक एवढाच की झारेकऱ्याचे मुख्य साधन पाणी होते, आणि या नव्या धंद्याचे साधन ॲसिड आहे.

सोने सहजासहजी कशात विरघळत नाही. नुसत्या नायट्रिक ॲसिडमध्ये तांबे आणि चांदी विरघळते, सोन्याचा पापुद्रा तसाच सुटून येतो. सोनेच विरघळवायचे तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन भाग आणि तीव्र नायट्रिक आम्लाचा एक भाग असे मिश्रण लागते. दहावीच्या विज्ञानात मुले त्याचे नाव शिकतात: आम्लराज. त्यात विरघळलेले सोने हिराकसासारख्या क्षाराने तपकिरी भुकटीच्या रूपात खाली बसवतात आणि ती भुकटी वितळवून गोळी करतात. दुसरी पद्धत सायनाईडची. १८८७ साली निघालेली ही पद्धत सोन्याच्या खाणींनी जगभर वापरली. सायनाईडच्या पातळ द्रावणात हवेच्या मदतीने सोने विरघळते. मात्र त्यात ॲसिड मिसळले तर हायड्रोजन सायनाईड वायू सुटतो आणि तो काही मिनिटांत माणसाचा जीव घेतो. एकाच झोपडीत ही दोन्ही कामे चालली तर काय होईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता खर्चाची बाजू. त्याच ३०० मोबाईलमध्ये जवळजवळ पाच किलो तांबे, १०५ ग्रॅम चांदी आणि साडेचार ग्रॅम पॅलेडियम असते. घरी ॲसिड ओतणाऱ्याला फक्त सोने दिसते. बाकीचा बराचसा माल हिरव्यानिळ्या पाण्यातून गटारात जातो. म्हणजे एका तोळ्यापायी किलोवारी तांबे नाल्यात ओतायचे, असा हा व्यवहार! आपल्याकडे नाला शेवटी राजपुरीच्या खाडीला मिळतो. ओहोटीला आपल्या बायका ज्या खडकांवरून कालवे फोडून आणतात, तिथेच ते पाणी येणार. कालवे तांबे अंगात साठवून ठेवतात. रोह्याखाली कुंडलिकेचे आणि महाडखाली सावित्रीचे रसायनाने काय झाले, हे रायगडकरांना नव्याने सांगायला नको.

शरीराचा खर्च त्याहून मोठा. नायट्रिक ॲसिडचा लालसर धूर छातीत गेला तर लगेच फारसे काही जाणवत नाही. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, माणूस जेवून झोपतो. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागते. असा धूर कोणाच्या छातीत गेला असेल तर बरे वाटत असले तरी त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना धुराचे कारण स्पष्ट सांगावे. बोर्ड जाळले तर डायॉक्सिनसारखी विषे आणि शिशाची धूळ उडते. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते आणि त्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात १ कोटी २९ लाख स्त्रिया असंघटित कचरा-कामात आहेत. पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादेत घरोघरी असे बोर्ड जाळले आणि ॲसिडने धुतले गेले, रामगंगेच्या काठी त्यांची काळी राख साचली. सोने मात्र त्या घरांत राहिले नाही.

येथे एक जुना हिशेब आठवतो. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी 'केसरी'तील एका लिखाणाची गोष्ट सांगितली होती. आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तेव्हा कातडी, शिंगे, हाडे यांचे वर्षाला किती उत्पन्न बुडते, याचा आकडा कोणीतरी मांडला होता. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वरून मी आणखी पैसे देतो, असे त्यावर बाबासाहेबांचे उत्तर होते. फायद्याचा आकडा एकाने मांडायचा आणि घाण दुसऱ्याने अंगावर घ्यायची, ही रीत त्यांनी नेमकी ओळखली होती. मेलेल्या ढोराच्या जागी आज मेलेला मोबाईल आला आहे. आकडा पुन्हा दाखवला जात आहे.

मग हे सोने वाया जाऊ द्यायचे काय? मुळीच नाही. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद राहील अशा रीतीने गोळा होऊन पुनर्वापराला गेला. सोने काढलेच पाहिजे. पण ते कारखान्यात, बंद यंत्रात, धूर गाळून आणि सांडपाणी शुद्ध करून. ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने २०२४ साली वेल्समध्ये वर्षाला ४,००० टनांपर्यंत बोर्डांचा असा कारखाना सुरू केला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील झ्युरिकच्या शास्त्रज्ञांनी चीज केल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांचा स्पंज बनवला. त्याने २० मदरबोर्डांतून ४५० मिलिग्रॅमची २२ कॅरेटची गोळी मिळाली. पण तिथेही आधी धातू ॲसिडमध्ये विरघळवावेच लागतात. म्हणून ते काम प्रयोगशाळेतच शोभते.

आपला हक्काचा वाटा गोळा करण्यात आणि निवडण्यात आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातील बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील. त्यांनी काम सोडले नाही, कामाच्या अटी बदलल्या. संघटना केली, महापालिकेची ओळखपत्रे मिळवली आणि २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत महापालिकेशी करार करून त्या काम करू लागल्या. कायदाही आता सोबतीला आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर पुनर्वापराची जबाबदारी आहे. हे काम करणाऱ्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि आरोग्य यांकडे लक्ष देण्याचे कर्तव्य राज्य सरकारवर आहे. हे कर्तव्य मागितल्याशिवाय पदरात पडत नाही.

तेव्हा करायचे काय? धंदा करायची इच्छा असलेल्या मुलांनी चार-पाच जणांचा गट करावा. वस्तीतला ई-कचरा एकत्र करावा. तो फोडू नये, जाळू नये. फुगलेली बॅटरी वेगळी, कोरड्या जागी ठेवावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत पुनर्वापर कारखान्यांची यादी असते. त्यांतल्या दोन-तीन जणांकडून भाव मागवावा आणि मालाचे वजन करून पावती घ्यावी. सुट्या मोबाईलला मिळतो त्याहून एकत्रित, निवडलेल्या मालाला चांगला भाव मागता येतो. महिला मंडळाने समाजमंदिरात एक पेटी ठेवली तरी सुरुवात होईल. आणि कोणी घरात ॲसिडचा कॅन आणून ठेवला असेल तर आईबहिणींनी गप्प बसू नये. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या उघड्या विक्रीवर बंधने घातली. ओळखपत्र आणि नोंदवही यांशिवाय ते विकता येत नाही. अशा नोंदीविना विकलेला कॅन बेकायदा माल आहे. तो परत करावा, नाल्यात ओतू नये.