पास्त्याचं पाणी आणि पावाचा चुरा

पास्ता शिजला की पातेलं उचलून सगळं पाणी सिंकमध्ये ओतायचं, चाळणी नळाखाली धरून पास्ता खळखळून धुवायचा आणि चिकटू नये म्हणून वर चमचाभर तेल सोडायचं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पास्त्याची सुरुवात अशी होते. मग तो गुळगुळीत पास्ता काही केल्या चव धरत नाही. त्यासाठी केचप येतं, चीज येतं, मक्याचे दाणे, सिमला मिरची, ओरेगॅनोच्या पुड्या येतात. एवढं करूनही मुलं वरचं वरचं खातात आणि पास्ता ताटात राहतो. ‘घरी काही तो नीट जमत नाही’ असं म्हणत लोक पुन्हा हॉटेलची वाट धरतात. मला मनापासून वाटतं, की तो घरीच उत्तम होतो, आणि पाच-सहा जिन्नसांत होतो. फक्त ते पाणी ओतू नका.

ते गढूळ दिसतं, कारण त्यात पास्त्यातलं पिष्ट उतरलेलं असतं. तेल आणि पाणी एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. पण कढईतल्या गरम तेलात किंवा लोण्यात निथळलेला पास्ता घातला, वर हे पाणी पळीभर ओतलं आणि मोठ्या आचेवर मिनिटभर जोरात परतलं, की या पिष्टामुळे तेल-पाणी एकजीव होतं आणि त्याचा दाटसर रस पास्त्याला धरून बसतो. हॉटेलातला मऊपणा क्रीमचाच असतो असं नाही, पुष्कळदा तो या पाण्याचा असतो. धुतलेल्या, तेल चोपडलेल्या पास्त्यावरून मात्र सॉस घसरतो आणि ताटाच्या तळाशी जाऊन बसतो.

इटलीत माप सोपं आहे: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. मी पाणी यापेक्षा कमी घेते, म्हणजे ते अधिक पिठूळ होतं. तिघाचौघांच्या ३०० ग्रॅम पास्त्याला दोन लिटर पाणी आणि सपाट मोठा चमचाभर मीठ पुरतं. पहिल्या दोन मिनिटांत चांगलं ढवळलं की पास्ता चिकटत नाही. पाण्यात तेल घालण्याची गरज नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा दाताने तोडून बघावा. मधोमध बारीकसा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद करायचा, कारण उरलेलं शिजणं कढईत, सॉससोबत होतं. आणि चाळणीत ओतण्याआधी मोठा पेलाभर पाणी बाजूला काढून ठेवायचं.

पाकीट घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला हवा. इटलीत १९६७ सालापासून वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असावा असा कायदा आहे, आणि त्याला कारण आहे. हा गहू कठीण असतो, त्यातलं प्रथिन उकळत्या पाण्यातही पिष्टाला धरून ठेवतं, म्हणून पास्त्याचा लगदा होत नाही. मैद्याचा पास्ता मिनिटभर जास्त शिजला तरी गळतो. ड्युरम आपल्याला परका नाही. बक्षी, बन्सी या नावांनी आपल्या जुन्या बाजारांना तो ठाऊक आहे, आणि खपली गहू त्याचा जवळचा भाऊबंद. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ नावाचा भरपूर प्रथिनांचा ड्युरम वाण काढलेला आहे. दुसरी खूण पृष्ठभागाची. चकचकीत पास्त्यापेक्षा खरखरीत, पीठ भुरभुरल्यासारखा दिसणारा घ्यावा, त्यावर सॉस ठरतो. अंडं न खाणाऱ्यांनी तेही पाकिटावर बघून घ्यावं, काही प्रकारांत ते असतं.

पहिला पदार्थ नेपल्सकडचा, लसूण-तेलाची स्पगेटी. सात-आठ मोठ्या पाकळ्यांचे पातळ काप करायचे. ठेचायचा नाही, ठेचलेला लसूण लगेच करपतो. पाच-सहा मोठे चमचे ऑलिव्ह तेल थंड असतानाच त्यात काप घालायचे आणि मंद आचेवर तापवायचं. लसणाचा वास तेलात उतरायला वेळ लागतो. काप जेमतेम सोनेरी झाले की दोन सुक्या मिरच्यांचे तुकडे टाकायचे. मी ब्याडगी वापरते, कारण तिखटपणाआधी तिचा रंग आणि वास येतो. मग पळीभर पाणी, मग स्पगेटी, आणि जोरात परतणं. शेवटी पार्सली बारीक चिरून. ती मिळाली नाही तर कोवळी कोथिंबीर घालते, चव बदलते पण बिघडत नाही. ऑलिव्ह तेल महाग वाटत असेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल घ्या. तो नेपल्सचा पदार्थ राहणार नाही, पण तुमच्या घरचा चांगला पदार्थ होईल.

यावर चीज लागत नाही. सिसिलीत आणि दक्षिण इटलीत चीज ज्यांना परवडत नसे, ते शिळा पाव कुस्करून तेलात खरपूस भाजत आणि पास्त्यावर पेरत. आजही तिथे तो आवडीने पेरतात. आपल्या घरात शिळा पाव नेहमी असतो. पावभाजीचे उरलेले दोन-तीन पाव फोडून उन्हात किंवा तव्यावर कडक वाळवायचे, मिक्सरमधून जाडसर काढायचे आणि बरणीत भरून ठेवायचे. त्यातली मूठभर पूड चमचाभर तेलात, चिमूटभर मिठासोबत तांबूस होईपर्यंत परता आणि वाढताना वर घाला. मऊ पास्त्यात तो कुरकुरीत दाणा दाताखाली आला, की चीजची आठवण होत नाही. ही बरणी जपून ठेवा, पुढे गोडालाही लागणार आहे.

चीजबद्दल शाकाहारी वाचकांनी एक लक्षात ठेवावं. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटने बनतं, पेकोरिनो रोमानो कोकराच्या. म्हणजे जे चीज पास्त्यावर किसून घालावं असं प्रत्येक परदेशी पाककृतीत लिहिलेलं असतं, ते कडक शाकाहारी माणसाला चालणारं नाही. हॉटेलवाल्यांनी हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. घरासाठी घेताना पाकिटावर ‘मायक्रोबियल रेनेट’ किंवा ‘व्हेजिटेरियन रेनेट’ असे शब्द शोधा. तसं घट्ट, जुनवलेलं चीज भारतातही बनतं.

दुसरा पदार्थ टोमॅटोचा, आणि तो मार्चेल्ला हाझान यांचा. या बाई इटलीतल्या चेझेनातिको गावच्या, विज्ञान शिकलेल्या. लग्न होऊन न्यूयॉर्कला गेल्यावर स्वयंपाकाला लागल्या आणि पुढे त्यांच्या पुस्तकांनी अमेरिकेला इटालियन स्वयंपाक शिकवला. त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या सॉसमध्ये मिठाशिवाय तीनच गोष्टी आहेत: टोमॅटो, लोणी आणि एक कांदा. लसूण नाही, ओरेगॅनो नाही, साखर नाही. साधारण ८०० ग्रॅम टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून सोलायचे आणि चिरायचे. त्यात पाच मोठे चमचे, म्हणजे सत्तरेक ग्रॅम लोणी घालायचं, आणि एक सोललेला कांदा दोन अर्ध्या फाका करून तसाच. झाकण न ठेवता, मंद आचेवर पाऊण तास. मधूनमधून हलवून टोमॅटो डावाने चेपायचे. कांदा शेवटी काढून घ्यायचा, त्याचं काम झालेलं असतं. तो गोडसर, लोण्यात मुरलेला कांदा मी पोळीशी खाते. आपले लांबट, संकरित टोमॅटो यासाठी बरे, त्यांत गर जास्त. गावरान घेतले तर रस आटायला वेळ लागतो, पण आंबटपणा सुरेख येतो. लोणी खारं असेल तर मीठ अगदी शेवटी, चव बघून.

पाऊण तास ऐकून कुणी मागे सरेल. पण त्या पाऊण तासात तुम्हाला स्वयंपाकघरात उभं राहावं लागत नाही.

तिसरा प्रकार माझा सर्वांत लाडका, चणे-पास्ता. होरेस हा रोमन कवी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, संध्याकाळी घरी परतून कांद्याच्या जातीची लीक नावाची भाजी, चणे आणि कणकेच्या चकत्या जेवण्याबद्दल लिहून गेला आहे. त्या चकत्या आजच्या पास्त्यासारख्या उकडलेल्या होत्या का, यावर वाद आहेत. पण गहू आणि चणे एकत्र जेवणं इतकं जुनं आहे. आपल्या चकोल्या, वरणफळं हेच करतात: उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडायचे आणि डाळीच्याच रसात शिजू द्यायचे. त्यामुळे हा पास्ता मराठी घरात कुणाला शिकवावा लागत नाही. रात्री भिजवलेले वाटीभर काबुली चणे कुकरमध्ये मऊ शिजवा, पाणी ठेवा. ऑलिव्ह तेलात लसूण, बारीक चिरलेला कांदा, एक टोमॅटो आणि मिळाली तर रोझमेरीची काडी परता. चणे घाला, त्यातले निम्मे डावाने ठेचा. चण्याचं पाणी आणि लागेल तसं साधं पाणी घालून उकळी आणा आणि १५० ग्रॅम छोटा पास्ता थेट त्यातच शिजवा. इथे पाणी ओतायचा प्रश्नच येत नाही, सगळं पिष्ट पातेल्यातच राहतं. पुलिया प्रांतात पास्त्याचा काही भाग तेलात तळून वर घालतात. तसं एकदा नक्की करून बघा.

व्हाइट सॉसबद्दल विचारणारे खूप असतात. तो सॉस लझान्यात, थरांमध्ये भाजला जातो तेव्हा मला आवडतो. पेनेवर ओतलेला नाही आवडत. मैदा, दूध आणि चीज यांखाली गव्हाची चव उरत नाही.

आता गोडासाठी सफरचंद. परदेशी पाककृतीप्रमाणे आपलं सफरचंद शिजवलं की ते मिळमिळीत लागतं, आणि दोष करणारीच्या हाताचा नसतो. ब्रिटिशांनी कुलूच्या बागांत लावलेल्या जाती आंबटसर होत्या. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६च्या सुमारास सिमल्याजवळच्या कोटगढला रेड डेलिशियसची रोपं आणली. भारतीय गिऱ्हाइकाला हे लाल, गोड फळ आवडलं आणि हिमाचलच्या डोंगरांवर तेच पसरलं. कच्चं खायला ते छान, पण त्यात आंबटपणा कमी आणि शिजल्यावर ते पटकन पिठूळ होतं. इंग्लंडातले लोक शिजवायला ब्रॅमलीसारखं झोंबरं आंबट फळ घेतात, त्यामुळे त्यांच्या पाककृतीत साखर भरपूर असते. ती तशीच आपल्या फळाला घातली की नुसता पाक होतो. म्हणून साखर निम्मी करा आणि लिंबू पिळा. शक्य असेल तर गोल्डन डेलिशियस घ्या, पिवळं दिसतं म्हणून लोक त्याला नाकारतात, पण शिजवायला ते आपल्या बाजारातलं उत्तम. नाहीतर लाल सफरचंदांत एखादं हिरवं ग्रॅनी स्मिथ मिसळा. हिमाचलचा ताजा माल जुलै ते ऑक्टोबरात येतो. हे गोड करायला तेच दिवस चांगले.

ओव्हन नसलेल्या घरासाठी डेन्मार्कमधला जुन्या पद्धतीचा सफरचंदाचा केक सांगते. नाव केकचं असलं तरी तो भाजायचा नसतो. किलोभर सफरचंदं सोलून, फोडी करून, अर्ध्या लिंबाचा रस आणि तीन-चार चमचे पाण्यात झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं शिजवा. फोडी मऊ झाल्या की डावाने ठेचा, पण लगदा करू नका. चव बघून दोन-तीन मोठे चमचे साखर घाला आणि थंड होऊ द्या. आता ती पावाच्या चुऱ्याची बरणी काढा. जाड बुडाच्या कढईत ५० ग्रॅम लोणी, दीड-दोन वाट्या चुरा आणि पाव वाटी साखर मंद आचेवर परता. साखर विरघळून चुऱ्याला धरते आणि रंग गडद होतो. इथे हात थांबवायचा नाही आणि फोनही उचलायचा नाही, कारण सोनेरी आणि करपलेला यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. रंग आला की लगेच ताटात पसरा. काचेच्या भांड्यात एक थर सफरचंदाचा, एक चुऱ्याचा, असे चार थर लावायचे. डेन्मार्कमध्ये वर फेटलेलं क्रीम घालतात. मी घरचा चक्का थोड्या दुधात आणि साखरेत सैल करून घालते, त्याचा आंबटपणा या गोडाला फार शोभतो. चुरा मऊ पडलेला आवडत असेल तर आदल्या रात्री थर लावून फ्रिजमध्ये ठेवा. कुरकुरीत हवा असेल तर सफरचंद आणि चुरा वेगवेगळे ठेवून वाढायच्या वेळीच एकत्र करा.

ओव्हन असलेल्यांना क्रम्बल आहेच. वजनाने दोन भाग पीठ, एक भाग थंड लोणी, एक भाग साखर बोटांच्या टोकांनी रवाळ चोळायचं, लिंबू पिळलेल्या फोडींवर पसरायचं आणि १८० अंशांवर कडेने रस बुडबुडेपर्यंत, साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं भाजायचं. मैद्याऐवजी कणीक घेतली तरी चालते, उलट खमंग लागते.

सोललेल्या साली फेकू नका. त्या दालचिनीच्या तुकड्यासोबत दोन पेले पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा आणि वर लिंबू पिळा. जेवणानंतर गरम प्यायला छान लागतं. मात्र बाजारातल्या चकचकीत फळांवर मेण चढवलेलं असतं, ती सोलण्याआधी कोमट पाण्यात चोळून धुवा.