खेळ कोणाचा, फुरसत कोणाची?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने मोबाइलवर क्रिकेटचा काल्पनिक संघ निवडून दीड कोटी रुपये जिंकले आणि पाठोपाठ शिस्तभंगाच्या कारणावरून त्यास निलंबित करण्यात आले. ज्या कंपनीच्या खेळात हे पैसे मिळाले, ती कंपनी त्याच वर्षी भारतीय क्रिकेट संघाची प्रमुख प्रायोजक होती. खेळणारा शिक्षेस पात्र आणि खेळविणारा सन्मानास पात्र, असा हा न्याय! चर्चा मात्र झाली ती एका व्यक्तीच्या नीतिमत्तेची. ज्या व्यवस्थेने हा खेळ घराघरांत पोचविला, तिला कोणी जाब विचारला नाही.

टचस्क्रीनच्या मोबाइलने खेळाच्या बाबतीत खरोखर क्रांती केली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्वी संगणकावर खेळायचे तर संगणक विकत घ्यावा लागे व तो चालवावयास शिकावे लागे. २००७ मध्ये आयफोन आला, पुढे स्वस्त फोन आले आणि २०१६ पासून डेटाही स्वस्त झाला. आता एक बोट पुरते; अक्षरओळखही फारशी लागत नाही. चाकणच्या कारखान्यात जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, नाशिक फाट्याच्या कोंडीत किंवा महाळुंगे, खराबवाडीच्या कॉट बेसिसवरील खोलीत कामगाराला विरंगुळ्याचे याहून सोपे साधन दुसरे नाही. परंतु त्याच काचेवर पैसे पाठविण्याचीही सोय आहे. खेळाचा फड आणि सावकाराची पेढी एकाच बोटाखाली आली. भांडवलाने या यंत्रातील नेमकी हीच शक्ती हेरली.

गिरणगावातील मटक्याची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर सुरू झालेला हा जुगार गिरणी कामगाराच्या पगारावर पोसला गेला. पण मटक्याला निदान अड्डा लागे आणि चिठ्ठी घेणारा माणूस लागे. चिठ्ठी लावण्यापूर्वी विचार बदलण्याइतके अंतर तरी चालून जावे लागे. टचस्क्रीनने ते अंतरही पुसले.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले होते : हा जुगार नव्हे, कौशल्य आहे. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविले, त्याचा आधार यासाठी घेतला गेला. वस्तुतः कौशल्य की नशीब हा वादच येथे गौण आहे. कोणीही जिंको, कंपनीची कापणी अटळ असते. प्रत्येक डावामागे ती शेकडा दहा रुपये कापते असे धरले आणि उरलेली रक्कम खेळाडूंनी पुन्हा पुन्हा डावावर लावली, तर मूळच्या शंभर रुपयांपैकी सातव्या डावाअखेर अठ्ठेचाळीसही उरत नाहीत. कौशल्याने एवढेच ठरते की, उरलेल्या पैशांत कोणाचा वाटा किती.

आणि शासनसंस्था? १९६९ पासून राज्याची लॉटरी चालविणाऱ्या महाराष्ट्र सरकारला या प्रश्नावर नैतिक अधिकार थोडाच होता. केंद्राने १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला, म्हणजे तेही या लुटीचे भागीदार झाले. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांवर झाला. त्यांनी तो नाकारला. सरकारने त्यांचे खाते बदलून त्यांना क्रीडा खाते दिले! अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य व नशीब असा भेद न करता, बंदी घालणारा कायदा संमत केला. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. दरडोई सरासरी साडेचारशेही भरत नाही. पण ज्याने काही गमावले नाही आणि ज्याने महिन्याचा पगार घालविला, ते दोघेही याच सरासरीत बसतात.

हा कायदा योग्यच आहे. परंतु कामगाराची फुरसत लुटीला इतकी सहज बळी का पडली, हा प्रश्न तो विचारत नाही. फुरसत आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली. संसदेच्या या कायद्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, त्याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि तिमाही जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तास उभे राहून आलेल्या माणसाला मैदान गाठण्याची ताकद राहत नाही. बोट हलविण्यापुरतीच राहते. एका हाताने खेळावर बंदी घालावयाची आणि दुसऱ्या हाताने खेळाचा वेळच काढून घ्यावयाचा, असे हे धोरण आहे.

तेव्हा मोबाइल फेकून द्या, असा उपदेश करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. यंत्र दोषी नसते. ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न असतो. नवी मुंबईत तयार झालेल्या ‘लुडो किंग’ने २०२०च्या टाळेबंदीत दुरावलेली कुटुंबे एका पटावर बसविली, हीदेखील याच काचेची शक्ती आहे. ज्या पट्ट्यात पॉवर प्रेसखाली कामगारांची बोटे तुटतात, तेथे प्रेसची सुरक्षा शिकविणारा किंवा पगारपत्रकातील पीएफ, ईएसआयची कपात उलगडून दाखविणारा मराठी-हिंदी खेळ सार्वजनिक पैशातून का होऊ नये? नफा नाही म्हणून बाजार तो करणार नाही. कामगार संघटनांनी तो मागितला पाहिजे.

चळवळीनेही आपला दोष ओळखावा. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत मुले खेळायला येत आणि विचार घेऊन जात. चाकणच्या कंत्राटी तरुणाला संध्याकाळी असे कोणते ठिकाण आज उपलब्ध आहे? आठ तासांचा दिवस कंत्राटी कामगारालाही मिळावा आणि औद्योगिक वसाहतीत त्याच्यासाठी मैदान व वाचनालय असावे, या मागण्या वेतनवाढीइतक्याच तातडीच्या मानून युनियनच्या मागणीपत्रात आल्या पाहिजेत. कामगाराची संध्याकाळ ज्याच्या ताब्यात राहील, तोच उद्या त्याच्या मनाचाही ताबा घेईल.