१६ वर्षांखालील मुलांना सोशल मीडिया बंदी : आपल्या घरात काय बदलेल?

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब यांवर स्वतःचे खाते ठेवता येत नाही. नियम मोडल्यास दंड मुलाला किंवा पालकांना नाही, कंपनीला होतो, तो ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत असू शकतो. या बातमीनंतर अनेक पालक दवाखान्यात विचारतात, "डॉक्टर, आपल्याकडे असा कायदा कधी येणार?"

आपल्याकडे सध्या काय आहे?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकांची संमती घेऊन तिची खात्री करणे आवश्यक आहे. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यासही मनाई आहे. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे.

कायदा कुठे अपुरा पडतो?

आपल्याकडे बऱ्याच घरांत मूल आईचा किंवा आजोबांचा फोन वापरते. खाते मोठ्या माणसाचे असल्यामुळे कंपनीच्या लेखी समोर प्रौढ व्यक्तीच असते. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या बंदीत व्हॉट्सॲप नाही. अनोळखी व्यक्ती गेममध्ये ओळख वाढवते आणि पुढचे बोलणे खासगी मेसेजवर नेते. तिथे वयाची अट मुलाला वाचवू शकत नाही.

सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे खासगी फोटो मिळवून "पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो" अशी धमकी. यात मुलगेही फसतात. मूल गप्प राहते, कारण त्याला गुन्हेगाराइतकीच घरच्यांच्या रागाची भीती वाटते. धमकी देणाऱ्याचा धंदा याच भीतीवर चालतो.

ही लक्षणे दिसली तर शांतपणे विचारा

- झोप न लागणे, रात्री उशिरापर्यंत फोन जवळ ठेवणे
- तपासण्या नॉर्मल असूनही वारंवार पोट किंवा डोके दुखणे
- मेसेज आला की दचकणे, स्क्रीन लपवणे
- अचानक पैसे मागणे, शाळा टाळणे

या तक्रारींची इतरही कारणे असतात, म्हणून तपासणी जरूर करून घ्या.

धमकी आली असेल तर काय करावे?

१. पहिले वाक्य असे असू द्या : "तू सांगितलंस ते बरं केलंस. आपण मिळून बघू."
२. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.
३. चॅट, प्रोफाइल आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवा, मगच ब्लॉक करा. फोटो नातेवाइकांना किंवा मित्रांना पाठवू नका.
४. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मूल अल्पवयीन असल्यास पोक्सो कायदा लागू होऊ शकतो.
५. मूल फार खचले असेल, "जगायचं नाही" असे म्हणत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस १४४१६ वर फोन करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

आजपासून काय करता येईल?

रात्री सर्वांचेच फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा, आपलाही. गेममधील अनोळखी लोकांशी चॅट बंद ठेवा. दोन वर्षांखालील बाळाला स्क्रीन देऊ नका. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको आणि सोबत मोठे माणूस हवे.

आणि मुलाला आजच सांगून ठेवा : "तुझ्याकडून काहीही चूक झाली, तरी आधी मला सांग. मी फोन काढून घेणार नाही." पुढे वेळ आलीच, तर हा शब्द पाळा. कायदा येईल तेव्हा येईल. संकटात मूल आधी आपल्याकडे आले, तर बरेच मोठे नुकसान टळते.