भिंत कोणाची, रस्ता कोणाचा, घरफाळा कोणाचा?

कोल्हापुरात घरपट्टीला घरफाळा म्हणतात. शिवाजी पेठेत उभा मारुती चौकापासून निवृत्ती चौकापर्यंत घरफाळ्याचा विषय निघाला की त्याच्या मागोमाग आणखी दोन विषय निघतात. एक, भिंतींवरची रंगरंगोटी आणि चौकाचौकांतले वाढदिवसाचे डिजिटल फलक. दोन, फुटपाथवरच्या हातगाड्या आणि आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या. "आम्ही घरफाळा भरतो, मग शहर असे विद्रूप का?" हा या चर्चेचा सूर असतो. प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे.

आधी पैशाचे बघू. एकेकाळी जकात हे महापालिकांचे मोठे उत्पन्न होते. तिच्या जागी एलबीटी आला. २०१५ मध्ये तोही बहुतांश व्यापाऱ्यांवरून उठला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. जे हक्काचे उत्पन्न होते त्याच्या जागी सरकारकडून येणारे अनुदान आले. शिवाय १९७२ मध्ये महापालिका होऊनही दशकानुदशके कोल्हापूरची हद्दवाढ अडूनच राहिली. तेव्हा महापालिकेच्या हातात उरलेला मोठा कर म्हणजे घरफाळा. तो थकला तर कायद्याप्रमाणे दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के! दोन खोल्यांच्या घरातली विधवा बाई ही शास्ती टाळण्यासाठी दागिना गहाण ठेवून बिल भरते. बडा थकबाकीदार मात्र सवलत योजनेची वाट बघत बसतो, कारण ती कधी ना कधी येणार हे त्याला ठाऊक असते. प्रामाणिकपणे भरणाऱ्याला शिक्षा आणि बुडवणाऱ्याला बक्षीस, हा कोणता न्याय?

आता भिंतींचे. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ पासून आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. जाहिरात फलकाला आयुक्तांची लेखी परवानगी लागते आणि त्याचे शुल्कही भरावे लागते. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये निकाल देऊन बेकायदा फलकांवर कारवाईचे आदेश दिले. तरी चौक भरलेलेच राहिले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला अवाढव्य फलक कोसळून १७ माणसे मेली, तेव्हा कुठे राज्यभर मोजमाप सुरू झाले. म्हणजे फलक हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. बेकायदा फलकाचे शुल्क बुडते तेव्हा तेवढा बोजा घरफाळा भरणाऱ्याच्या डोक्यावर येतो. भाऊ, दादा, साहेब यांचा फोटो फुकट झळकतो आणि त्याचे बिल पेठेतला सामान्य माणूस भरतो.

मग कारवाई कोणावर होते? अतिक्रमण विभागाची गाडी आली की आधी हातगाडी उचलली जाते. नेत्याच्या फलकाखाली भाजी विकणारी बाई हलवली जाते आणि फलक तसाच राहतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा काय सांगतो? सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही पथविक्रेत्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. अनुसूचित जाती-जमातींनाही प्रतिनिधित्व द्यावे लागते. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी मोकळा हवा, हे शंभर टक्के मान्य. पण तो मोकळा करण्याचा मार्ग या समितीतून जातो, जप्तीच्या गाडीतून जात नाही.

कोल्हापूरला हे सांगावे लागू नये. याच शहरात भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान घातले आणि खुद्द राजर्षी शाहू महाराज तेथे थांबून चहा प्याले. रस्त्याकडेच्या त्या लहानशा दुकानाने जे काम केले, ते मोठमोठ्या ठरावांनी झाले नसते. आज एखाद्या टपरीला 'अडगळ' म्हणताना एवढा इतिहास तरी आठवावा.

"आम्ही कर भरतो म्हणून शहर आमचे" या युक्तिवादातला धोकाही ओळखला पाहिजे. भाडेकरूच्या भाड्यात घरमालकाचा घरफाळा असतोच. झोपडीतला माणूस साबणाच्या वडीवर जीएसटी भरतोच. आणि समजा कोणी काहीच भरत नसेल, तरी सार्वजनिक रस्ता त्याचाही आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. हा हक्क पावती दाखवून मिळालेला नाही. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ आपल्या माणसांनी डोकी फोडून घेऊन या देशाला शिकवला आहे.

आणि हिशेब मागायचा कोणाकडे? नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे संविधानाचे कलम २४३ (यू) सांगते. प्रत्यक्षात मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली पाच वर्षे कर भरणारे होते, पण कर कसा खर्च होतो हे सभागृहात विचारणारा एकही लोकप्रतिनिधी नव्हता. याच कोल्हापूरकरांनी एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली टोलविरोधी लढा दिला आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करायला भाग पाडले. शहर एकत्र येते तेव्हा काय होते, हे पेठेने पाहिले आहे.

तेव्हा आता मागण्या स्पष्ट हव्यात. बड्या थकबाकीदारांची यादी प्रभागवार जाहीर करा. परवानाधारक फलकांची यादी चौकात लावा. त्यात नसलेला प्रत्येक फलक उतरवा, मग तो कोणत्याही पक्षाचा, तालमीचा किंवा जयंती मंडळाचा असो. लहान घरांची शास्ती कमी करा. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, मग इतर शहरांतील गरिबांनी काय पाप केले? पथविक्रेता समिती कायद्याप्रमाणे चालवा. आणि २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली क्षेत्रसभा प्रत्यक्षात भरवा, म्हणजे सफाई कामगार, भाजीवाली आणि बंगलेवाला एकाच सतरंजीवर बसून बोलतील.

चौदा एप्रिलचा फलक लावणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही रीतसर परवानगी घ्यावी, शुल्काची पावती जपून ठेवावी आणि मुदत संपताच फलक स्वतःच्या हाताने उतरवावा. ज्यांच्या बापाने या देशाला संविधान दिले, त्यांना कायद्याची पळवाट शोभत नाही. शिवाय पावती खिशात असली म्हणजे साहेबांच्या फलकाखाली उभे राहून महापालिकेला जाब विचारता येतो.