जुन्या गेमला गुण कोणत्या निकषावर?

जुन्या व्हिडिओ गेमला दहापैकी गुण देणे सोपे. ते कशासाठी दिले, हे सांगणे अवघड. 'अटारी २६००'साठी १९८२मध्ये आलेला 'ई. टी.' हा त्याचा बोलका दाखला. आजवरचा सर्वांत वाईट गेम, असा शिक्का त्याच्यावर बसला. नाताळची बाजारपेठ गाठण्यासाठी हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांनी तो सुमारे पाच आठवड्यांत, अवघ्या १२८ बाइट स्मृतीच्या यंत्रासाठी तयार केला. वारंवार खड्ड्यांत पडून खेळाडू वैतागत, हे खरेच. पण सोबतची पुस्तिका वाचल्याविना हा गेम नीट उमगत नाही, हेही तितकेच खरे. पुस्तिकेविना तो खेळून आज दिलेला निकाल म्हणूनच अपुरा ठरतो.

परीक्षणात तीन बाबी स्पष्ट हव्यात : गेम मूळ यंत्रावर खेळला की एम्युलेटरवर, त्या काळाच्या मर्यादेत त्याने काय साधले आणि आजही तो खिळवून ठेवतो का?

व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३मधील अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. अशा वेळी अनेकांपर्यंत गेम नव्हे, त्याचे परीक्षणच पोहोचते. ते घाईचे असेल, तर इतिहासही चुकीचा लिहिला जातो.