ट्रेडमार्कची नोंदणी आणि वापराचा हेतू

एखाद्या कल्पाचे आकर्षक नाव सुचले की प्रथम ट्रेडमार्कचा अर्ज करावयाचा, औषध पुढे सवडीने, अशी प्रवृत्ती आपल्या व्यवसायात आम्हांस दिसते. पाच-सहा नावे एकदम नोंदविणारे व्यवसायबंधूही आहेत. विचारल्यास ‘असू द्यावीत हाताशी’ असे उत्तर मिळते. हे आम्हांस उचित वाटत नाही.

ट्रेडमार्क अधिनियम १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ नुसार वापरात असलेल्या चिन्हाप्रमाणेच वापरण्याचे योजिलेल्या चिन्हासाठीही अर्ज करता येतो. ही सवलत न्याय्यच आहे; औषध बाजारात येण्यापूर्वी नाव सुरक्षित असावे, ही उत्पादकाची रास्त अपेक्षा होय. परंतु अर्जात ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ असे लिहिणे म्हणजे वापराचा प्रामाणिक हेतू आहे असे सांगणे. हा हेतू नोंदणीच्या वेळी नव्हता आणि प्रत्यक्ष वापरही झाला नाही, तर बाधित व्यक्तीच्या अर्जावरून कलम ४७ अन्वये ते नाव नोंदवहीतून काढता येते. हेतू होता, पण नोंदणीनंतर सलग पाच वर्षे व त्याहून अधिक काळ वापर झाला नाही, तरीही हाच मार्ग खुला असतो. नोंदणी दहा वर्षांची, म्हणून दहा वर्षे निर्धास्त, हा समज चुकीचा आहे.

कायद्याच्या निर्बंधामुळे वापर होऊ शकला नसेल, तर त्याचा विचार होतो. कोणी म्हणेल, औषध परवाना मिळाला नाही म्हणून नाव पडून राहिले. परंतु ज्याने परवान्यासाठी अर्जच केला नाही, त्याने हे कारण कोणत्या तोंडाने सांगावे? स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनविणाऱ्या वैद्यास परवान्यातून सूट आहे, हे खरे; बाजारात विक्री करावयाची तर परवाना हवाच.

याच्या उलट प्रकार अधिक खेदजनक आहे. वीस-वीस वर्षे एका नावाने औषध देणारे वैद्यही अर्जात ‘योजिलेला वापर’ लिहून मोकळे होतात. पूर्वीपासूनच्या वापराचा दावा केल्यास २०१७ च्या नियमांनुसार प्रतिज्ञापत्र व पुरावे जोडावे लागतात. तो खटाटोप नको, एवढेच त्यामागील कारण! वास्तविक कलम ३४ पूर्वीपासून अखंड वापर करणाऱ्यास नंतर नोंदणी करणाऱ्यापासूनही संरक्षण देते. पण स्वतःच्याच अर्जात वापर अद्याप व्हावयाचा आहे असे लिहिले, तर प्रतिपक्ष तोच कागद पुढे करणार. आणि पुडीवर नाव नाही, पावतीवर नाव नाही, अशा स्थितीत वीस वर्षे सिद्ध तरी कशाने करावयाची? आपल्या वैद्यांस रुग्णाची नाडी स्मरते, पावतीपुस्तक मात्र स्मरत नाही.

(सितोपलादी, त्रिफळा अशी शास्त्रोक्त नावे कोणा एकाची नव्हेत, हे वेगळे सांगावयास नको.)

पडून राहिलेल्या नावांचा भार शेवटी खरोखर औषध बनविणाऱ्यावर पडतो. पाचव्या वर्गात तो शोध घेतो, तेव्हा मिळतीजुळती नावे अडविलेली आढळतात. ती हटविण्यासाठी निबंधक वा उच्च न्यायालय यांच्याकडे जाण्याचा खर्च लहान निर्मात्यास पेलत नाही. ज्यांच्याकडे अशी नावे आहेत, त्यांना कलम ५८ अन्वये स्वतः अर्ज करून ती नोंद रद्द करून घेता येते. आमच्या मते त्यांनी ती यंदाच रद्द करून घ्यावी.